गोष्ट त्यांची, किंगरी आमची

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. रब्बीचं पाणी सुरू झालं की वायरमनला उसंत नसते. एका डीपीवर उडालेले फ्यूज बांधून खाली उतरलो, मोबाईल पाहिला तर तीन मिस्ड कॉल. तिन्ही झरी जामणीकडच्या एकाच नंबरावरून. लावला. पाटलांचा नातू बोलत होता.

"दादा, आजोबा गेले. पूस महिन्यात पेनात मिळवायचं ठरलं आहे. तुमच्या घरून कोण येते?"

कोणी येता का, असं त्यानं विचारलं नाही. कोण येते, असं विचारलं.

पाटील गोंड, आम्ही परधान. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत आमच्या नावाला लागून पठारी आणि सरोती अशी आणखी दोन नावं आहेत. आमच्याकडे गोंडांच्या घराण्याचा परधान ठरलेला असतो, बापाकडून मुलाकडे चालत आलेला. गोंडाच्या घरचं माणूस गेलं की त्याला पूर्वजांत, म्हणजे पर्सापेनात, मिळवावं लागतं, आणि त्यासाठी त्या कुळाची गोष्ट पहिल्यापासून गावी लागते. ती गोंडानं स्वतः गायची नसते. परधानानं गायची, तीन तारांच्या किंगरीवर, आणि गोंडीत. आमच्या घरात मात्र कित्येक पिढ्या मराठीच बोलतात. म्हणजे ज्यांची गोष्ट आहे ते ती गात नाहीत, आणि जे गातात त्यांच्या चुलीजवळची ती भाषा नाही. लहानपणापासून मला हे कोडं वाटायचं. या हिवाळ्यात ते थोडं उलगडलं, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव केळापूर तालुक्यात. आजा चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. मी घरी पोचलो तेव्हा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. पाटील गेले म्हटल्यावर हातातली शेंग हातातच राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माह्याहून दोन वर्सानं ल्हान होता थो." आणि मग, "मी येतो. पण हात थरथरते माहा. किंगरी तू धरशील."

वडील आतून ऐकत होते. ते ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "मागायला जाऊ नका."

यामागचं मला माहीत आहे. वडील दहा वर्षांचे असताना आजासोबत सुगीत पाटलांकडे गेले होते. खळ्यावरून पायलीनं ज्वारी मिळाली, जेवण मिळालं, पण अंगणाच्या कडेला, वेगळं बसवून. आमच्या लोकांनी गोंडाघरचं शिजवलेलं खायचं. गोंडानं आमच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी ती रीत होती. कूळ एक, देव एक, गोष्ट एक, आणि पंगत वेगळी. वडिलांनी त्या दिवशी ठरवलं की हे पोतं आपण खांद्यावर घ्यायचं नाही. शिकले, नोकरीला लागले, आम्हा भावंडांना शिकवलं. त्यांना ती भीक वाटते. मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. अंगणाच्या कडेला बसलेलं पोरगं ते होते, मी नव्हतो.

आजाचं म्हणणं वेगळं. "भीक कायची रे? त्याइचं आपल्यापाशी ठेवलेलं हाये. ठेवल्याचं भाडं हाये थे."

किंगरी माळ्यावर धोतरात गुंडाळलेली होती. आजा तिला किकरी म्हणतो. खाली काढली तर कातडं एका बाजूनं फाटलेलं, तारांना कसर लागलेली, गजाचे केस पार झडलेले. लाकूड तेवढं शाबूत होतं. बोकडाचं पातळ कातडं मिळवणं सोपं गेलं. ते रात्रभर भिजवून, ओलं असतानाच ताणून, कडेनं बांबूच्या बारीक खिळ्या मारून बसवलं. दोन दिवस सावलीत वाळू दिलं. आजा दर तासाला बोटाची टिचकी मारून कान लावायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता बोलली."

तारांचं काम जड गेलं. या किंगरीला धातूची तार चालत नाही, घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. पांढरकवड्यात लग्नाची घोडी भाड्यानं देणारा एक जण ओळखीचा होता. त्यानं शेपूट विंचरताना निघालेले केस पिशवी भरून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मी रोज ॲल्युमिनियमची तार ओढतो, क्लॅम्प आवळतो, हातात जोर आहे. पण केस जोरानं ओढला की तुटतो. आजानं शिकवलं: केस ओले करायचे, टोकं जुळवायची, उघड्या मांडीवर तळव्यानं एकाच दिशेनं वळायचे. एक केस सैल राहिला तरी अख्खी तार घोगरी बोलते. पहिल्या आठवड्यात माझ्या मांडीवरचं कातडं सोलून निघालं आणि एकही तार धड झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात तीन झाल्या: एक बारीक, एक मध्यम, एक जाड. गजाला राळ लावून त्यांच्यावरून पहिल्यांदा फिरवला तेव्हा जो आवाज निघाला तो सुरेल वगैरे नव्हता. पावसाळ्यात दाराचं लाकूड फुगल्यावर दार जसं बोलतं, तसा होता. आजा मात्र डोळे मिटून बसला होता.

मला वाटलं, आता चाल शिकवेल. त्यानं आधी मोजायला शिकवलं.

नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. चार, पाच, सहा, सात. गोंडी समाजाची सगळी वीण या आकड्यांवर उभी आहे. चार देव मानणारे, पाच मानणारे, सहा मानणारे, सात मानणारे. एकाच आकड्यातले सगळे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. आकडा वेगळा तर सोयरे. प्रत्येक आकड्यात कुळं, आणि प्रत्येक कुळाचं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी, ज्यांना त्या कुळानं इजा करायची नाही. हल्ली आमच्याकडे मोटारसायकलींवर आणि ऑटोंवर ७५० असा आकडा लिहिलेला दिसतो, तो या कुळांचाच. मी आडनावांवरून पाठ करायला लागलो तर आजानं थांबवलं. "आडनावावर जाऊ नोको. एकच आडनाव इकडं सहा देवाचं असते, तिकडं सात देवाचं. माणसाले देव इचार."

रोज रात्री जेवणं झाली की दोन तास. थंडी वाढत चालली होती, कापसाच्या वेचणीनं घरचे थकून लवकर झोपत. मी शंभर पानी वही केली होती. आजाला वहीचं वावडं नव्हतं. तो स्वतः चौथी शिकला आहे. उलट तो सांगायचा, नावं एकाखाली एक लिही, आणि मधे जागा सोड. जागा कशाला, असं विचारलं तर म्हणे, "इसरलेलं आठोते नं मंग."

गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक तयार केली. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला गुंजाळा गावात जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांची लिपी आणखी वेगळी. मी देवनागरीत लिहीत होतो. पण ओळीतला एखादा स्वर किती लांबवायचा हे कुठल्याच लिपीत मला मांडता आलं नसतं, त्यासाठी आजाच्या मानेकडे पाहावं लागे. स्वर लांबला की त्याची मान डावीकडे कलते. माझीही आता कलते, बायकोच्या ते लक्षात आलं.

आजानं सांगितली ती गोष्ट थोडक्यात अशी. देवाची लेकरं फार झाली, दंगा करू लागली. शंभूचा राग अनावर झाला आणि त्यानं सगळ्यांना कचारगडच्या गुहेत कोंडून तोंडावर मोठी शिळा लावली. त्यांची माय बाहेर रडत राहिली. जंगो रायताड ही देवीही त्या लेकरांसाठी तळमळत राहिली. मग गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो आला. शिळा बाहेरून कोणाला हालवता येईना. तेव्हा हिरासुका नावाचा किंगरीवाला गुहेपाशी बसून वाजवू लागला. सूर आत गेले. आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी मिळून आतून रेटा दिला, शिळा सुटली आणि गडगडत खाली आली. बाहेर वाजवत बसलेला हिरासुका तिच्याखाली गेला.

तो आमचा मूळपुरुष. लेकरं सुटलेली त्यानं पाहिली नाहीत.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा मी पाहिली आहे. माघी पौर्णिमेला तिथं लाखभर पावलं चालत असतात, आंध्र-तेलंगणापासून छत्तीसगडपर्यंतची. गुहा एवढी मोठी की आपण मुंगी वाटतो. तेव्हा मी इतरांसारखा हात जोडून परत आलो होतो. आता पुन्हा जाईन तेव्हा गुहेच्या आत पाहण्याआधी बाहेरच्या दगडांकडे पाहीन.

पुढे लिंगो लोकांना घेऊन निघतो आणि वाटेत मोठी नदी लागते. दामे नावाचं कासव आणि पुसे नावाची मगर त्यांना पैलतीरी न्यायला तयार होतात. मगर मधेच बुडी मारते, कासव सगळ्यांना पाठीवर घेऊन तारतं. कासवाला कधी मारायचं नाही, हा शब्द तिथं दिला गेला. मग लिंगो लोकांना उभं करतो, कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा सोयरा हे सांगतो, आणि दिसेनासा होतो.

एक गोष्ट शिकता शिकता माझ्या ध्यानात आली. जग कसं झालं, पृथ्वी कुठून आली, यावर आजा दोन-चार ओळींत पुढे सरकायचा. नातं कसं लागलं, यावर मात्र रात्र काढायचा. कासवाशी नातं, ऐनाच्या झाडाशी नातं, या कुळाचं त्या कुळाशी नातं, मेलेल्याचं जिवंताशी नातं. माणूस मेला म्हणून नात्यातून वगळला जात नाही, त्याची फक्त जागा बदलते, आणि ती जागा कोणीतरी मोठ्यानं सांगावी लागते. मी विजेचं काम करणारा माणूस. मला ते खांबांसारखं दिसलं. खांब कितीही पक्का असो, तार ओढल्याशिवाय त्याला अर्थ नाही. (हे आजाला सांगितलं तर म्हणाला, "मंग तार तुटली की काय करते तू? रातच्याला बी जाते नं?")

मधल्या काळात मी थोडं वाचलंही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. त्यांनी लिंगोचं गाणं परधानाकडून उतरवून घेतलं होतं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नदीत बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढले. त्या छापील गाण्यात दामे आहे, पुसे आहे, कासवाला दिलेला शब्द आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कागदावरचं कासव आणि माझ्या आजाच्या तोंडचं कासव एकच निघालं, तेव्हा मी वही मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. तिकडे मध्य प्रदेशात पाटनगढच्या जनगढसिंग श्याम यांच्यापासून परधानांनी हेच देव, हीच झाडं रंगांत उतरवली आणि जगभर नेली. आमच्याकडे असं काही झालं नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख मोजले गेले, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आमच्या पोरांना शाळेत ती कोणी शिकवलेली नाही.

नदीच्या भागात एक शब्द होता जो आजालाही कळत नव्हता. त्याच्या बापानं गायला, म्हणून तो गात आला. मी म्हटलं, संदर्भावरून लाट असेल. आजा एकदम कडक झाला. "अंदाजानं बोलू नोको. आपलं नाई थे. पाटलाच्या बुढीले इचारू."

पुसात आम्ही निघालो. मोटारसायकलवर मागे आजा, त्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली किंगरी. पाटलांच्या घरी पोचलो तर अंगण सारवलेलं, कुळाची माणसं गावोगावहून आलेली. कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, पेनाची तयारी पाहत होता. पर्सापेनाला देऊळ नसतं. लोखंडी भाला आणि चवरी, एवढंच त्याचं रूप, तेही गावाबाहेर झाडावर जपून ठेवलेलं, विधीलाच खाली येणारं. मी त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

पाटलीणबाईंनी पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरून आजाला पाहिलं आणि दोघंही काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग आजानं तो शब्द विचारला. त्या घरात त्या आजही गोंडीच बोलतात, सुनांशीसुद्धा. त्यांनी ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि हातानं अंगणाच्या मातीवर एक आडवी रेघ ओढली. पूर ओसरल्यावर काठावर गाळाची जी रेघ उरते, ती. लिंगोनं लोकांना त्या रेघेच्या वर उभं केलं होतं. आजाच्या बापापासून निदान दोन पिढ्या आमच्या घरात तो शब्द अर्थाशिवाय गायला गेला होता, आणि त्याचा अर्थ इथं, तीस-पस्तीस किलोमीटरवर, एका बाईच्या रोजच्या बोलण्यात होता. मी वहीत सोडलेल्या जागेत तो लिहिला.

रात्री दहाच्या सुमारास बसलो. घोंगडीवर मी, शेजारी आजा, पुढे दिवा आणि तांदळाची रास. आजानं गायला सुरुवात केली, मी गज ओढत त्याच्या मागून जाऊ लागलो. हात गारठले होते, पहिला अर्धा तास जाड तार माझं ऐकेना. परधान गातो तेव्हा यजमानाच्या घरचं कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, त्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही. हा मान नातवाचा होता. तो यवतमाळला शिकतो, त्याला गोंडी नीट कळत नाही. कुठे हुंकार द्यायचा ते त्याला सापडेना. एका ठिकाणी मोठी शांतता पडली. तेवढ्यात मागून, बायकांच्या अंधारातून, पाटलीणबाईंचा हुंकार आला. बरोबर जागेवर. तिथून पहाटेपर्यंत त्यांनीच दिला.

दोन वाजता आजाचा आवाज बसला. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे आता तू. मी नदीपासून धरलं. कुळाच्या पिढ्या म्हणायची वेळ आली, बापाखाली मुलगा, मुलाखाली त्याचा मुलगा, आणि मी एक नाव गाळलं. मला कळलंही नाही. मागून हुंकार आला नाही. मी थांबलो, मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तेच झालं. तेव्हा त्यांनी अंधारातून ते नाव हळूच सांगितलं. मी ते गायलो, हुंकार आला, आणि गाडी पुढे निघाली. शेवटी पाटलांचं नाव आलं. ते मी पहिल्यांदाच त्या ओळीत बसवत होतो. नातू रडला. आजा वाजवत नव्हता, तरी त्याची बोटं धोतरावर तारा दाबत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाला सगळे एका पंगतीत बसले. आजा सवयीनं आपली पत्रावळ घेऊन अंगणाच्या कडेला गेला. नातू उठला, आपली पत्रावळ उचलून त्याच्याजवळ जाऊन बसला, मग आणखी दोघं गेले. रीतीप्रमाणे दान मिळालं: पाटलांचं धोतर, त्यांचा पितळी लोटा, एक गोऱ्हा आणि ज्वारी. घरी आल्यावर वडिलांनी दोनच गोष्टी विचारल्या. आजाचा आवाज टिकला का, आणि जेवायला कुठं बसवलं. मी जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि गोऱ्ह्याला पाणी दाखवायला गेले. लोट्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही.

पण निघण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. सकाळी मी वही घेऊन पाटलीणबाईंजवळ बसलो होतो, पिढ्यांची नावं पडताळायला. एकेक नाव वाचत गेलो, त्या मान हलवत गेल्या. सगळी जुळली. तेव्हा मला सुचलं आणि मी आजाला विचारलं, यांच्या इतक्या पिढ्या आपण गातो, आपल्या कुठं आहेत? हिरासुकानंतर कोण?

आजा म्हणाला, "आपलं कोन गाते?"

पाटलीणबाई चुलीत लाकूड सारत होत्या. मागे न वळता त्यांनी म्हणायला सुरुवात केली. चाल नव्हती, पाढे म्हणावेत तशी नावं. या घरी किंगरी घेऊन आलेल्या परधानांची, एकाखाली एक. पहिली दोन मी कधी ऐकलीही नव्हती. तिसरं माझ्या पणज्याचं. चौथं आजाचं. त्यांना ती त्यांच्या सासूनं सांगितली होती, सासूला तिच्या सासूनं. आजा खाटेचं गात धरून उभा होता.

मी वहीचं शेवटचं पान उघडून लिहून घेतलं. मधे जागा सोडली. त्या वळल्या, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुह्यं नाव काय हाये बापा? सुनेले सांगाव लागन."

मी सांगितलं. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं.